पंधरा मिनिटांचा विनोद: चर्चगेट ते वरळी

मराठी वाहिनीवरच्या एका विनोदी कार्यक्रमासाठी स्किट लिहिणाऱ्या तरुण लेखिकेने विचारलं आहे: 'आकाशवाणी आणि सुरुवातीच्या दूरदर्शनसाठी विनोद लिहिणाऱ्यांचं आयुष्य नेमकं कसं असायचं? त्यावर पोट भरायचं का? रेडिओवरून टीव्हीकडे येताना लिहिणं किती बदललं? आणि त्यातलं आज मला काय उपयोगी पडेल?'

पोटाचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून होतं. नुसत्या रेडिओच्या विनोदी लेखनावर मुंबईत संसार चालवलेला मराठी लेखक माझ्या पाहण्यात नाही. आम्ही सगळे कुठे ना कुठे चिकटलेलो होतो. कुणी सचिवालयात, कुणी बँकेत, कुणी एलआयसीत, कुणी रेल्वेत, कुणी पालिकेच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी ऑफिस सुटलं की फोर्टातून चालत चर्चगेटच्या बाजूला आकाशवाणीवर जायचं आणि लिहायचं ते रात्री, घरातली मुलं झोपल्यावर. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटुकली, मंजूर झाली की कंत्राटाचा कागद येई. त्यावर तारीख, वेळ, मिनिटं आणि मानधनाचा आकडा. सही करून परत पाठवायचा. एका श्रुतिकेचं एक कंत्राट, पुढच्या महिन्यात काम मिळेलच असं नाही. त्या पैशात सणाचे कपडे व्हायचे, एखाद्या महिन्याचं भाडं निघायचं. त्यापुढे नाही.

दुसरी वाट होती रेडिओच्याच नोकरीची. बबन प्रभू मुंबई आकाशवाणीत होते, आणि त्याच वेळी रंगभूमीवर फार्सचे आघाडीचे लेखक-नट होते. पु. ल. देशपांडे 1950 च्या दशकात आकाशवाणीच्या नोकरीत होते, आणि दिल्लीत 1959 मध्ये दूरचित्रवाणीचे प्रयोग सुरू झाले त्या सुरुवातीच्या कामातही होते. नोकरीतल्या माणसाला पगार ठरलेला, पण त्याला नुसता विनोद लिहून चालत नसे. कार्यक्रमांचं वेळापत्रक, कलाकारांचे करार, स्टुडिओचं बुकिंग, ऐनवेळी न आलेल्या वक्त्याची जागा भरणं, हे सगळं त्याच्या गळ्यात. विनोद मधल्या वेळेत लिहायचा. तरीही मला वाटतं, ही मंडळी भाग्यवान होती. आपलं वाक्य मायक्रोफोनपुढे गेल्यावर त्याचं काय होतं, ते त्यांना रोज ऐकायला मिळत होतं. बाहेरून लिहिणाऱ्याला ते महिन्यातून एखाद्या वेळी.

बाकी आमच्यासारख्यांचा हिशेब असा चालायचा. एक कल्पना सुचली की तिची आधी दिवाळी अंकासाठी कथा करायची. 'आवाज' हा विनोदी दिवाळी अंक मधुकर पाटकरांनी 1951 साली सुरू केला आणि विनोदी लेखकांना हक्काची जागा मिळाली. बाकीच्या अंकांतही विनोदी कथेला मागणी असे. कथा छापून आली की तिची श्रुतिका करायची. श्रुतिका चांगली गेली की कुणीतरी बँकेच्या किंवा कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेसाठी एकांकिका मागायचं. 1972 नंतर तीच टीव्हीसाठी नाटुकली व्हायची. प्रत्येक ठिकाणी मानधन थोडं, पण चार ठिकाणचं मिळून बरं व्हायचं. मुख्य म्हणजे एकच गोष्ट चार वेळा, चार वेगळ्या माध्यमांसाठी लिहायला लागायची. माझं बहुतेक शिक्षण त्यातच झालं.

यात 1 नोव्हेंबर 1967 ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी विविध भारतीच्या, म्हणजे आकाशवाणीच्या मनोरंजन वाहिनीच्या, मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. विविध भारती स्वतः 3 ऑक्टोबर 1957 पासून चालू होती, पण जाहिरातींमुळे मुंबईत खासगी रेकॉर्डिंग स्टुडिओ, जाहिरात संस्था आणि पुढे प्रायोजित कार्यक्रम यांचं एक वेगळंच जग उभं राहिलं. तिथे दहा, पंधरा, तीस सेकंदांत नवरा-बायकोचा संवाद, एक हशा आणि वस्तूचं नाव एवढं बसवायचं असे. अनेक साहित्यिक मित्र या कामाकडे नाक मुरडून बघायचे. मला ते कधीच पटलं नाही. तीस सेकंदांत दोन माणसं उभी करायची म्हणजे पहिल्याच वाक्यात त्यांचं नातं, वय आणि कुरबुर कळली पाहिजे. ज्याला हे जमलं त्याच्या पंधरा मिनिटांच्या श्रुतिकेत एक ओळ फुकट जात नाही.

आता लिहिण्याबद्दल. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा ऐवज इथे आहे.

रेडिओचा श्रोता बसून ऐकत नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. 'वनिता मंडळ' दुपारी लागायचं तेव्हा बाई निवडत-टिपत असायची. 'कामगार सभा' संध्याकाळी, तेव्हा लालबाग-परळच्या चाळीत पाळी सुटून आलेला माणूस हातपाय धूत असायचा, शेजारच्या खोलीत भांडण चालू असायचं, कुकरची शिट्टी व्हायची. 'हवामहल' रात्री, जेवणाच्या सुमारास. म्हणजे तुमच्या श्रोत्याचं एक वाक्य ऐकून दोन निसटणार, हे धरूनच लिहायचं. म्हणून कथेला लागणारी एखादी बाब, समजा 'उद्या घरमालक येणार आहे', ती तीनदा यायला हवी, पण तीन वेगळ्या तोंडांतून आणि तीन वेगळ्या कारणांनी. एकदा बातमी म्हणून, एकदा तक्रार म्हणून, एकदा बायको घर आवरता आवरता मुलावर ओरडते त्यात. तीच माहिती त्याच शब्दांत परत आली की ऐकणारा कंटाळतो. वेगळ्या भावनेतून आली की त्याला ती नवीन वाटते.

दुसरी गोष्ट वाक्याच्या क्रमाची. हे एका उदाहरणानेच दाखवतो. घरात मामा येऊन राहिलेत आणि हलायचं नाव घेत नाहीत, एवढाच मामला. पहिल्या खर्ड्यात नवखा लेखक असं लिहितो:

'अहो, गेल्या गणपतीत मामा आठ दिवसांसाठी म्हणून आले होते ते अजून गेलेले नाहीत.'

माहिती सगळी आली, हसू कुठेच आलं नाही. वाक्य सुरुवातीलाच फुटलं. 'गेल्या गणपतीत' कळल्यावर पुढचं सगळं अंदाजाने कळतं. आता हेच पाहुणा आणि यजमान यांच्यात वाटून द्या.

पाहुणा: 'हे कोण?'
यजमान: 'मामा. आठ दिवसांसाठी आलेत.'
पाहुणा: 'अरे वा! कधी आले?'
यजमान: 'गेल्या गणपतीत.'

यजमानाच्या आवाजात तक्रार नको. त्याने ते सरळ, माहिती दिल्यासारखं सांगायचं. पाहुण्याचं 'अरे वा!' जितकं मनापासून, तितकं शेवटचं वाक्य जोरात लागतं. आपल्या मराठीत वाक्यातले शब्द बऱ्यापैकी इकडे-तिकडे हलवता येतात, आणि विनोदी लेखकासाठी हे मोठंच भांडवल आहे. हसवणारा शब्द अगदी शेवटी, एकटा उभा राहिला पाहिजे. त्याच्यामागे 'ना', 'हो', 'बरं का' असलं काही आलं तरी धार जाते. नटांना सवयीने असे शब्द जोडायची खोड असते, म्हणून तालमीला लेखकाने हजर राहायचं.

तिसरी गोष्ट हशाची जागा. रंगमंचावर नट वाक्य टाकतो आणि थांबतो. प्रेक्षक हसतात, हसू उतरायला लागलं की तो पुढचं बोलतो. रेडिओच्या स्टुडिओत प्रेक्षक नाही. समोर काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि निर्माता, दोघांचं लक्ष आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईकडे आणि घड्याळाकडे. घरी ऐकणारा हसतोय की नाही आणि किती वेळ हसतोय, नटाला कळायला मार्ग नाही. मग थांबायचं किती? जास्त थांबलं तर सेट बिघडला असं वाटतं. रेडिओवरची शांतता फार लांब वाटते. अजिबात थांबलं नाही तर हसण्याच्या आवाजात पुढचं वाक्य बुडतं. यावर तोडगा लेखकानेच काढायचा. मोठ्या हशाच्या वाक्यानंतर एक असं वाक्य लिहायचं की ते बुडालं तरी नुकसान नाही आणि ऐकू आलं तर खटकणार नाही. वरच्या उदाहरणात 'गेल्या गणपतीत' नंतर पाहुणा म्हणेल, 'असं, असं. बरं, बरं. छान.' मग यजमान: 'चहा घेणार ना?' आणि तिथून खरा पुढचा धागा. ही भरीची वाक्यं मोजून-मापून लिहायची असतात. जुन्या श्रुतिका ऐकताना एवढंच टिपत जा, लेखक किती तयारीचा आहे ते लगेच कळेल.

चौथी, आवाजांची. पंधरा मिनिटांत चारपेक्षा जास्त माणसं आणू नयेत, आणि चारही आवाज डोळे मिटून वेगळे ओळखता आले पाहिजेत. दोन तरुण पुरुष एकाच प्रसंगात ठेवायचेच असतील तर एकाला अडखळत बोलणारा करा, एकाला मालवणी करा, किंवा एकाच्या जागी त्याची बहीण आणा. जो माणूस बराच वेळ बोलत नाही तो रेडिओवर खोलीतून निघून गेलेला असतो. त्याला मध्येच वाक्य दिलं तर श्रोता दचकतो. म्हणून त्याने मधूनमधून खोकायचं, पेपर उलटायचा, 'हं' म्हणायचं. मुंबई आकाशवाणीची 'पुन्हा प्रपंच' ही घरगुती श्रुतिकांची मालिका आठवणाऱ्या माणसाला आजही पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी, म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज कानात ऐकू येतात. विषय दर खेपेला वेगळा, माणसं तीच. त्या तिघांना एकदा ओळखलं की 'आता भावोजी काय म्हणतील' याची वाट बघण्यातच अर्धं हसू होतं. लेखकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय. विनोद प्रत्येक वेळी नव्याने उभारावा लागत नाही, तो माणसाच्या स्वभावातून येतो.

कागदाचीही एक शिस्त होती. संहिता सुटी ठेवायची, टाचणी लावायची नाही. वाचून झालेलं पान अलगद खाली सोडायचं. पान उलटतानाचा आवाज मायक्रोफोन पकडतो, म्हणून संवाद पानाच्या शेवटी अर्धवट तोडायचा नाही. एवढ्याशा कारणासाठी मी कित्येकदा पान पुन्हा लिहून काढलं आहे. फूलस्केपची दहा-बारा पानं म्हणजे पंधरा मिनिटं, पण विनोदाचा वेग जास्त असल्याने एक पान जास्तीचं ठेवायचं आणि कुठून कापता येईल तिथे आधीच पेन्सिलीने कंस करायचा. कापायची वेळ आली की निर्माता तुम्हाला विचारत बसत नाही. कंस आधी केलेला असेल तर तो तुमच्या जागेवर कापतो, नाहीतर त्याच्या.

विषयांवर बंधनं होती. आकाशवाणीच्या आचारसंहितेत मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म-जमातींवर हल्ला नको, अश्लील काही नको, राजकीय पक्षाचं नाव घेऊन टीका नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर शत्रुत्वाची टीका नको, असे नियम. व्यापारी मालाचं नावही घेता येत नसे. आणीबाणीच्या काळात, जून 1975 ते मार्च 1977, हे आणखी आवळलं. महागाईवरचं साधं वाक्य लिहितानाही हात थबकायचा. त्यामुळे आमचा विनोद घरात शिरला: नळ, रेशन, भाडं, पाहुणे, सासू, बदली, मुलीचं स्थळ. या विनोदाला पुष्कळ जणांनी 'मध्यमवर्गीय' म्हणून नावं ठेवली, आणि त्यात तथ्य आहे. मुंबईच्या गोदीतला, गिरणीतला, झोपडपट्टीतला माणूस त्यात फारच कमी आला, आला तोही बऱ्याचदा बोलीच्या उच्चारांपुरता. मालवणी माणूस दारात आला की हसायचं, ही सवय आमच्या पिढीने लावली, आणि ती मला तेव्हाही सलत होती. बोली ही माणसाची असते. तो काय म्हणतो त्यावर हसू आलं पाहिजे.

अनेकदा विषयच ठरवून दिलेला असे. अल्पबचत, कुटुंबनियोजन, सार्वजनिक स्वच्छता. त्यावर हसवणारी श्रुतिका द्या. तरुण लेखक वैतागायचे. मी मात्र आजही म्हणेन की अशा कामातून हात तयार होतो. अल्पबचतीत विनोद नाही, पण दर महिन्याला पोस्टात पैसे टाकायचे ठरवून दर महिन्याला ते काढायला जाणाऱ्या माणसात आहे, आणि त्याला ओळखणाऱ्या पोस्टातल्या कारकुनात तर आहेच.

मग टीव्ही आला. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, वरळीला. कृष्णधवल, संध्याकाळचे काही तास. सेट थोड्याच घरांत, त्यामुळे एका खोलीत अख्खा मजला बसून बघायचा. लेखकाच्या दृष्टीने हा केवढा बदल! रेडिओचा एकटा, कामात असलेला श्रोता गेला, आणि समोर एकत्र बसून टक लावून बघणारी पंचवीस-तीस माणसं आली. ती एकमेकांचं बघून हसायची. रेडिओवर जे वाक्य मंद हसू आणायचं त्याला इथे दणदणीत हशा मिळायचा. उलट रेडिओसाठी तीनदा सांगितलेली माहिती इथे असह्य व्हायची.

सुरुवातीला टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता. 1 एप्रिल 1976 ला दूरदर्शन वेगळं झालं. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत माणसं, सवयी, मंजुरीच्या पद्धती सगळ्या रेडिओच्या. लेखनही रेडिओचंच. नट कॅमेऱ्यापुढे बसून बोलतच राहायचे. 'हा बघा, दार उघडून आत येतोय' असं वाक्य असायचं आणि तो दार उघडून आत आलेला दिसतही असायचा.

हे कसं सुटलं? मामांचंच उदाहरण पुन्हा घेतो. रेडिओवर चार वाक्यांत जे बसलं ते टीव्हीवर असं होतं: सकाळ. पेपर दारातून आत पडतो. घरचा माणूस वाकून उचलतो, घडी न मोडता तसाच नेऊन मामांच्या हातात देतो. मामा न बघता हात पुढे करतात. खिडकीजवळच्या खुर्चीत आजी बसलेली, मामा आले की ती न सांगता उठते. पाहुणा हे सगळं बघतो आणि विचारतो, 'हे कोण? वडील का?' यजमान: 'नाही. पाहुणे.' 'गेल्या गणपतीत' लागलंच नाही. पेपर देण्याच्या सवयीतून काळ कळला. रेडिओवरून आलेल्या लेखकाला सर्वांत जड गेलं ते हेच, आपलं चांगलं वाक्य स्वतःच्या हाताने खोडणं. ज्यांना जमलं ते टिकले.

याचा मोठा धडा मला 'चिमणराव' मालिकेत दिसला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर विजया धुमाळे यांनी ती केली, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ कथा चिं. वि. जोशींच्या. त्या कथांमध्ये चिमणराव स्वतः सांगतात, आणि गंमत सांगण्याच्या पद्धतीत आहे. आपण शहाणपणाने वागलो असं त्यांना वाटत असतं आणि वाचकाला वेगळंच दिसत असतं. रेडिओवर निवेदन ठेवता येतं, म्हणून असा विनोद रेडिओला सोयीचा. टीव्हीवर निवेदन काढून टाकलं की उरतात फक्त घटना, आणि नुसत्या घटना तितक्या मजेच्या नसतात. मग ते भाबडं शहाणपण ठेवायचं कुठे? नटाच्या चेहऱ्यावर. बोलण्याआधी चिमणरावांच्या डोळ्यांत जो विचार येऊन जातो तिथे. शेजारी गुंड्याभाऊंचा आडदांडपणा असल्यामुळे तो विचार आणखी उठून दिसतो. लेखकाने तिथे जागा सोडली पाहिजे, संवादांच्या मध्ये दोन-तीन सेकंद काहीच लिहायचं नाही. संहितेच्या कागदावर ती जागा रिकामी दिसते आणि नवख्या लेखकाला भीती वाटते की आपण कमी काम केलं.

'गजरा' हा विनायक चासकरांचा कार्यक्रम छोट्या छोट्या नाटुकल्यांचा. पुढे रंगभूमीवर आणि सिनेमात नाव काढलेले कितीतरी नट त्यात दिसले. 'हास परिहास' याकूब सईद आणि बबन प्रभू या जोडीचा. त्यांच्यापाशी रेडिओची वाक्यावरची हुकमत आणि फार्सचं शरीर दोन्ही होतं, म्हणून ते टीव्हीवर सहज वावरले. तुम्ही आज जे स्किट लिहिता त्याचं मूळ या दोन कार्यक्रमांत आहे असं मी मानतो.

तांत्रिक बाजूने टीव्हीने लेखकाला वेगळीच कोडी घातली. चित्रफीत कापून जोडणं त्या काळी किचकट होतं, म्हणून शक्यतो सलग चित्रण करायचं. तीन कॅमेरे, एक-दोन सेट. म्हणजे पहिल्या प्रसंगात ऑफिसच्या कपड्यात असलेला नवरा दुसऱ्या प्रसंगात लुंगीत हवा असेल तर त्याला कपडे बदलायला वेळ कोण देणार? लेखक. मध्ये बायको आणि शेजारीण यांचा दीड मिनिटाचा संवाद घालायचा. तो संवाद भरीचा वाटता कामा नये, त्यात एक हशा हवा आणि पुढच्या प्रसंगाची तयारीही. मी असे अनेक संवाद लिहिले, आणि त्यांतले काही संपूर्ण नाटुकलीपेक्षा चांगले झाले. दोन बायकांचं आपसातलं बोलणं, पुरुष घरात नसताना, हा आमच्या विनोदातला फार दुर्लक्षित भाग होता. कपडे बदलण्याच्या सोयीसाठी का होईना, तो आला.

रेडिओवरचा काही विनोद टीव्हीवर येऊच शकत नाही, हेही समजून घ्या. अमेरिकेत 'फिबर मॅकगी अँड मॉली' नावाचा रेडिओ कार्यक्रम 1935 पासून चालला. त्यात घरातलं एक कपाट उघडलं की आतल्या वस्तू धडाधड कोसळत, एवढीच गंमत, आणि तीही निव्वळ आवाजांची. प्रत्येक श्रोत्याच्या मनातलं कपाट वेगळं आणि अफाट. त्याच कार्यक्रमाची 1959 ची टीव्ही आवृत्ती मात्र लवकरच बंद पडली. जॅक बेनी 1932 पासून रेडिओवर, 1950 पासून टीव्हीवर आणि दोन्हीकडे यशस्वी, कारण त्याचा विनोद कंजूष माणसाच्या स्वभावावर आणि उत्तर देण्याआधीच्या थांबण्यावर उभा होता. थांबणं ऐकूही येतं आणि दिसतंही. ब्रिटनमध्ये रे गॉल्टन आणि ॲलन सिम्प्सन या जोडीने टोनी हॅन्कॉकसाठी 1954 पासून रेडिओवर आणि 1956 पासून टीव्हीवर लिहिलं. सुटे चुटके बाजूला ठेवून त्यांनी एका चिडचिड्या, स्वतःला मोठं समजणाऱ्या माणसाच्या स्वभावावर सगळं रचलं. तिकडच्या माणसाला आजही या दोन लेखकांची नावं माहीत आहेत.

इथे माझी खरी तळमळ आहे. आपल्याकडे आवाज आठवतात, चेहरे आठवतात, लेखक आठवत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी नाव सांगितलं जायचं, पण तोवर श्रोता उठलेला असायचा. रेडिओच्या संहिता फाइलीत गेल्या आणि बऱ्याच तिथेच संपल्या. टीव्हीची चित्रफीत महाग होती, म्हणून जुनी पुसून तिच्यावर नवीन चित्रित करायची पद्धत होती, आणि सुरुवातीच्या वर्षांतलं पुष्कळ असं कायमचं गेलं. कार्बन कॉपी ज्यांनी जपल्या त्यांचंच काही उरलं. तुमच्या घरात, नात्यात कुणी आकाशवाणीसाठी लिहिणारं असेल तर माळ्यावरची ट्रंक रद्दीत देण्याआधी उघडून बघा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने अंक चाळलेत तर श्रुतिकांचं मूळ असलेल्या कथा सापडतील.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. तुमचं पुढचं स्किट आधी रेडिओसाठी लिहा. अगदी खरंच, कृती-सूचना एकही न देता, फक्त संवाद. ते मोबाइलवर दोन मित्रांकडून वाचून रेकॉर्ड करा आणि घरात कुणीतरी स्वयंपाक करत असताना लावा. 'बघ ना, ऐक ना' म्हणायचं नाही. ती व्यक्ती कुठे हसते आणि कुठे 'कोण आलं आता?' असं विचारते ते लिहून ठेवा. जिथे विचारलं तिथे तुमचे आवाज सारखे झालेत. हसली तिथे पुढचं वाक्य बुडालं का ते तपासा. मग टीव्हीसाठी लिहायला बसा आणि जे वाक्य नटाच्या हातातल्या वस्तूने सांगता येईल ते काढून टाका. माझ्या अनुभवाने साधारण एक तृतीयांश मजकूर गळतो. तुमच्या वाहिनीला वेग हवा असतो हे मला माहीत आहे. या पद्धतीने वेग आपोआप येतो. आज पार्श्वभूमीला तयार हशा लावतात, त्यामुळे भरीच्या वाक्यांची गरज नाही असं तुम्हाला कुणी सांगेल. ऐकू नका. तयार हशा संकलक लावतो, त्याच्या अंदाजाने. जागा तुम्ही ठेवलेली असेल तर तो तिथेच लावेल.

आणि पैशाचं, कारण तुम्ही पोटावरून सुरुवात केलीत. आमच्या काळी एकदा मानधन घेतलं की संहितेशी संबंध संपला असं आम्हीच समजत होतो. कायदा आता तसा नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात लेखकाचा स्वामित्वधनातला, म्हणजे रॉयल्टीतला, वाटा मान्य झाला आहे, आणि तो वाटा करारात लिहून सोडून देता येत नाही. लेखकाच्या हयातीनंतरही 60 वर्षं हक्क राहतो. त्यामुळे करार सही करण्याआधी वाचा, पुनःप्रक्षेपण आणि इतर माध्यमांतला वापर यांबद्दल काय लिहिलंय ते बघा, शंका आली तर जाणकार वकिलाला दाखवा. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं कार्यालय आहे, सभासद होऊन संहितेची नोंदणी करता येते. कल्पना तोंडी सांगायच्या बैठकीला जाण्याआधी ती दोन पानांत लिहून नोंदवा, आणि बैठकीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवा.